पाण्याचा कौल

महानंदाचं नाव पेपरात आलं की घरातले सगळे खूश होतात आणि माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? पंचवीस वर्षं दुखतंय. महानंदा म्हणजे माझी चुलत बहीण, वारलेल्या काकांची एकुलती एक लेक, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बंगळूरच्या एका बड्या संस्थेत ती प्राध्यापक आहे. घराघरांतून चालणारे धंदे कसे चालतात, त्यात शेवटचा शब्द कुणाचा, बापाच्या मागं कोण बसतो, भावाभावांत फाटतं कशानं, याचा ती अभ्यास करते. लोक तिला विमानाचं तिकीट पाठवून बोलावून घेतात. जर्मनी झाली, जपान झालं. आणि मी प्राध्यापक धोंडप्पा शेटे, वाणिज्य विभाग, तासिका तत्त्वावर. मला व्याख्यानाला एकदाच बोलावलं होतं, ते गेवराईला. तिथंही मुख्य वक्ते आले म्हणून मला आभार मानायला लावलं.

आणि विषय माझा होता! हे कुणाला सांगितलं तर हसतात, म्हणून सांगत नाही, पण होता. महानंदा बारावीत होती तेव्हा मी पीएचडीला नाव नोंदवलं होतं. ‘मराठवाड्यातील कौटुंबिक व्यवसायांची निर्णयप्रक्रिया’. एका दुपारी ही दुकानात पेंडीच्या पोत्यावर पाय सोडून बसली होती. म्हणाली, “दादा, दुकानाचा बी अभ्यास असतो?” मी वेडा, तासभर समजावून सांगत बसलो. पुढं माझे मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसऱ्यांची बदली झाली, तिसऱ्यांनी माझा आराखडा परत केला. म्हणाले, विषय जुना झाला. तोवर महानंदाचा त्याच विषयावरचा प्रबंध पुण्यात मंजूर होऊन गेला होता. अंगाची लाही लाही होते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मला राहता राहिली होती गादी. आमचं गाव तलवाड्याच्या पुढं. गावात आमचं दुकान, किराणा, सरकी पेंड आणि बी-बियाणं. दुकानात शिरलं की उजव्या हाताला एक जाड गादी, तिच्यावर पांढरी खोळ. तिच्यावर बसतो त्याचा शब्द शेवटचा. कुठला माल भरायचा, कुणाशी व्यवहार तोडायचा, घरातली पोरगी कुठं द्यायची, सगळं तिथून. बहात्तर सालापासून त्या गादीवर माझे वडील, शिवलिंगप्पा. अप्पा गावच्या सोसायटीचे पंधरा वर्षं चेअरमन होते. तिथं दर पाच वर्षांनी सभासदांपुढं हात जोडत फिरायचे. घरात मात्र त्यांना कुणी मत मागायला लावलं नाही. मी थोरला लेक. पीएचडी गेली, नोकरी कायम झाली नाही, पण गादी कुठं जात नाही, असं मी मनाशी धरून होतो. धाकट्या मन्मथला टेम्पो चालवण्यापलीकडं कशात रस नाही. मी कॉलेजात, मन्मथ टेम्पोवर, आणि अप्पांना दुपारची डुलकी लागायची. तेवढ्यापुरती माझी बायको, साखरा, दुकान बघायची.

दोन हजार तेराच्या मे महिन्यात महानंदा आली. दुष्काळ भयंकर होता. दर तिसऱ्या दिवशी टँकर, टँकरमागं बायकांची पळापळ. साखरा, मन्मथची बायको रेणुका आणि महानंदाची आई वच्छलाकाकू, तिघी मिळून घरचं पाणी भरायच्या. माझी आई शिवम्मा साठी उलटलेली, तरी तीसुद्धा एक घागर आणल्याशिवाय राहायची नाही. अशा दिवसांत महानंदाच्या आंघोळीला आईनं काठोकाठ भरलेली बादली दिली. मला अर्धी! मी बादलीकडं बघितलं, आईकडं बघितलं. आई म्हणाली, “पाव्हणी हाय ती. तू काय, रोजचाच.”

त्याच अर्ध्या बादलीच्या रागात मी बसलो होतो आणि महानंदा रेकॉर्डर घेऊन समोर आली.

“दादा, मोठ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, घरातल्या गोष्टी यंत्रात बोलायच्या नसत्यात, आणि निघून गेले. आता तूच सांग. बहात्तरच्या दुष्काळात आबांनी गादी सोडली, तेव्हा ती मोठ्या काकांना कशी मिळाली? माझ्या वडिलांना कावून न्हाई?”

खरी गोष्ट एवढीच होती. आबांना, म्हणजे आमच्या आजोबांना, खोकल्यानं बोलवेना. त्यांनी अप्पांकडं बोट केलं, गादीकडं बोट केलं. अप्पा बसले. संपलं.

मी तेच सांगितलंही असतं. पण ती पुढं म्हणाली, “तुझा पण हाच अभ्यास होता ना?”

होता! अगं बये, होता? थांब म्हटलं, तुला अभ्यासच देतो.

“आपल्या घरात रीत आहे,” मी आवाज खाली आणून म्हणालो. “बाहेर कुणी सांगत नाही. गादी सोडायची वेळ दुष्काळात आली, तर कोण बसणार ते पुरुष ठरवत नाहीत. बायका ठरवतात.”

तिचे डोळे मोठे झाले. मला चेव चढला.

“जे बसायला तयार असतील त्यांच्या घागरी आतल्या खोलीत मांडायच्या, रिकाम्या. घरातल्या प्रत्येक बाईनं स्वतः डोक्यावर आणलेलं पाणी तांब्याभर घ्यायचं. एकटीनं आत जायचं आणि जो पटतो त्याच्या घागरीत ओतायचं. दुष्काळात पाणी कुणी फुकट ओतत नाही, म्हणून त्याला कौल म्हणतात. पाण्याचा कौल.”

“आणि बाईला घागर मांडता येते?”

आता हसू आवरेना. म्हटलं, जाऊ दे पूर्ण. “येते की. आजीनंच मांडली होती बहात्तरला. एका तांब्यानं हरली.”

महानंदा भराभर लिहून घेत होती. मग एकदम थांबून म्हणाली, “दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घ्यावी लागेल.”

“घे की! आईलाच विचार,” मी म्हणालो. म्हणालो खरा, आणि ती तडक उठून स्वयंपाकघरात गेली. आई आता मला चारचौघांत सोलून काढणार, असं वाटलं. पाऊण तासानं महानंदा बाहेर आली ती डोळे पुसत. “मोठ्या काकूंनी सगळं सांगितलं, दादा,” म्हणाली आणि माझ्या पाया पडली. मला काही कळेना. मग वाटलं, आईचं नेहमीचंच, भाकरी थापता थापता अर्धवट ऐकून हो हो म्हणाली असेल.

माझा बेत साधा होता. हिनं हे कुठंतरी मोठ्या लोकांत वाचावं, कुणीतरी उठून विचारावं, बाई, याला आधार काय, आणि हिचं तोंड उतरावं. नाहीच कुणी विचारलं, तर मी होतोच निनावी पत्र लिहायला.

कसलं तोंड उतरतंय! दोन वर्षांनी तिचा लेख परदेशात छापून आला. तो लोकांनी उचलून धरला. मग इथल्या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर, ‘दुष्काळातली लोकशाही: शेटे घराण्याचा पाण्याचा कौल’. मधोमध महानंदाचा फोटो, हसरा. मी मूळ लेख मागवून घेतला. शेवटी आभारांत एक ओळ होती: ‘दुकानालाही घटना असते, हे मला पहिल्यांदा समजावून सांगणारे माझे बंधू प्रा. धोंडप्पा शेटे यांची मी ऋणी आहे.’ ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी संताप आला. कागद पुढ्यात घेऊन निनावी पत्र लिहायला बसलो, ‘सदर रीत धादांत खोटी असून’ इथवर आलो. पुढं काय लिहायचं? खोटी आहे हे तुला कसं ठाऊक, तर थाप मारणारा मीच. कागद फाडून टाकला.

इकडं अप्पांची चंगळ झाली. पुरवणी वाचून त्यांनी मला आत बोलावलं, चष्म्यावरून बघितलं आणि पुरवणीची घडी करून खिशात घातली. मग एका सहकार मेळाव्यात त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ. तिथं त्यांनी नुसते हात जोडले. दुसऱ्या सत्काराला म्हणाले, “माझ्या घागरीत तीन तांबे पडलते.” तिसऱ्या सत्काराला त्यांनी घागर तांब्याची होती, तिला पोचा कुठं आलता, हेसुद्धा सांगितलं. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. करतो काय!

दोन हजार सोळा उजाडलं. लागोपाठचा दुष्काळ, विहिरींत गाळसुद्धा वाळलेला. लातूरला आता रेल्वेनं पाणी नेणार म्हणून पेपरात येत होतं. संक्रांतीपासून अप्पांचे गुडघे गेले. गादीवर बसले तर उठवायला दोघं लागायचे. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, “पाडव्याला मी उठणार. दुसऱ्यानं बसायचं.”

अखेर! मी कुणाला न बोलता बीडला जाऊन गादीसाठी नवी खोळ शिवून आणली, बगळ्याच्या पंखासारखी पांढरी. स्वतःला नवं जाकीट. महानंदा सुट्टी काढून पाडव्याला येणार होती, तिनं मला गादीवर बसलेलं बघायलाच हवं होतं. तिची जर्मनी तिच्यापाशी, माझी गादी माझ्यापाशी.

पाडव्याला गुढी उभारून झाली. मी जाकीट घालून दुकानात आलो, तर अप्पा म्हणाले, “घागरी मांडा.”

“कसल्या घागरी?”

“कसल्या म्हंजे? दुष्काळ हाय न्हवं? कौल लागंल.”

“अप्पा, अहो ते...”

“ते काय? तीन शाली घेतल्यात मी ह्या रितीवर,” अप्पा माझ्याकडं रोखून बघत म्हणाले. “आता माघारी देऊ का?”

महानंदा कॅमेरा घेऊन दारातच उभी होती. एका वाक्याचं काम होतं. ‘ही रीत मी बनवली,’ एवढं म्हणालो असतो तर बंगळूर, जर्मनी, जपान, सगळं एका फटक्यात मातीत गेलं असतं. पंचवीस वर्षं मी तेच तर मागत होतो. तोंड उघडलंही. पण तिच्याबरोबर मीही खोटारडा ठरलो असतो, आणि खोटारड्याला गादीवर कोण बसवतंय? मी मनातल्या मनात तांबे मोजले. चार बायका. आई माझी, थोरल्या लेकाला कशी सोडेल? साखरा माझी बायको. रेणुका मन्मथला देणार. काकू कुणालाही देऊ देत. वाईटात वाईट दोन-दोन, आणि बरोबरीत थोरला बसतो, हे कुणीही सांगेल. म्हटलं, होऊ दे कौल. तोंड मिटलं.

आतल्या खोलीत दोन घागरी मांडल्या, माझी आणि मन्मथची. मन्मथ म्हणाला, “माझी कशाला बे, मला न्हाई बसायचं.” तरी मांडली. तेवढ्यात आई पदर खोचून आली आणि तिनं शेजारी तिसरी घागर ठेवली.

“ही कुणाची?” मी विचारलं.

“साखराची.”

“सुनेची घागर? हे काय नवीनच!”

“नवीन कसलं? बाईला बी मांडता येती. तूच सांगितलंस की हिला,” आईनं महानंदाकडं हात केला. महानंदा जोरजोरात मान हलवत होती.

साखरा गोरीमोरी झाली. “आत्याबाई, मला नगं. हे हायत की.”

“तुला इचारलं का कुणी? पाणी घे,” आई म्हणाली.

एकेक बाई तांब्या घेऊन आत गेली आणि रिकामा तांब्या घेऊन बाहेर आली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. काकू काही दाखवेनात. रेणुका ओठ दाबून हसत होती. आई तर भाजीला फोडणी देऊन आल्यासारखी आली. साखरा सगळ्यांत शेवटी गेली आणि सगळ्यांत लवकर आली. तिचे डोळे खाली होते.

अप्पांनी घागरी दुकानात आणायला लावल्या. मन्मथची उलटी केली, थेंब नाही. तो खदखदून हसला आणि किल्ली घेऊन टेम्पोकडं गेला. माझी घागर मी स्वतः वाकवून बघितली. तळाशी पाणी होतं. तांब्याभर. एकच. मी पुन्हा बघितलं. साखराच्या घागरीत तीन तांबे होते.

“साखरा, बस,” अप्पा म्हणाले. दोघांनी धरून त्यांना उठवलं.

मी शिवून आणलेल्या खोळीवर माझी बायको बसली. नीट नाही, एका कडेला, पाव्हण्याच्या घरी बसावं तशी. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली आणि त्यांनी कसलंही नवल न करता तिला विचारलं, वहिनी, पेंड कधी येणार? त्यातल्या एकाला ती म्हणाली, “तुमची गाभण म्हैस चारा छावणीत न्हेली का न्हाई? तिच्यापुरती बाजूला ठिवलीय.” हे तिला कसं ठाऊक? मला तर तो माणूससुद्धा ओळखू येत नव्हता. महानंदा फोटो काढत होती. काढ बाई, काढ.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. आई पुरण वाटत होती.

“आई, सगळे फिरले तरी तू तेवढी राहिलीस,” मी म्हणालो. “तुझा एक तांब्या मिळाला, तेवढा पुरे मला.”

“मी कुठं तुला दिला?” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“माझा साखराला. हे दुकान धा वर्षं तीच बघती. तू जाकीट बघतोस.”

मी मटकन पाटावर बसलो. मग सगळाच राग उसळला. “आई, ही रीत खोटी आहे! मी थाप मारली होती महानंदाला!”

“ठावं हाय की मला,” आई वरवंटा न थांबवता म्हणाली. “बहात्तरला मी ह्याच घरात व्हते. कुणी इचारलं न्हाई का सवरलं न्हाई. पोरीनं येऊन इचारलं, मोठे काकू, बायकांनी पाणी ओतून माणूस निवडला, हे खरं का? ऐकलं आन् मला लई ग्वाड वाटलं बघ. पन्नास वर्षं पाणी वाहिलं मी ह्या घरात. म्हनलं, लेकानं जल्मात एक चांगली गोष्ट काढलीया, कावून खोटी पाडू? सांगितलं, खरी हाय.”

“आणि अप्पा?”

“त्यांना शाली आवडल्या.” ती पहिल्यांदा हसली. “आता झाली का न्हाई खरी? घागरी मांडल्या, पाणी ओतलं. आता कोण म्हनंल खोटी?”

मग एकदम डोक्यात आलं. आईचा साखराला. काकूंचा?

“काकूंचा बी तिलाच. रेणुकाचा बी. आमी तिघी टँकरपाशीच बोललो व्हतो.”

“मग माझ्या घागरीत कुणाचा?”

आईनं वरवंटा थांबवला आणि माझ्याकडं बघितलं, लहानपणी मी नापास झाल्यावर बघायची तसं.

“येडा हायस का धोंड्या? चौथी कोण उरली?”

मी उठलो, बाहेर आलो. साखरा आता गादीवर मधोमध बसली होती. महानंदानं मला थांबवलं आणि रेकॉर्डर पुढं केला. “दादा, तुझ्या संशोधनातली रीत आज तुझ्याच घरात चालली. कसं वाटतंय?” तिच्या तोंडावर कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

“चांगलं वाटतंय,” मी म्हणालो. ती लिहून घेऊन गेली. पुढच्या लेखात येईल.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला गेलो तर माझी बादली अर्ध्याहून थोडी वर भरलेली. शेजारी महानंदाची, काठोकाठ. मी साखराला हाक मारली, म्हटलं, आज जास्त कसं? तर दुकानातूनच म्हणाली, “तुमच्या घागरीतलं हाय ते. तुमचंच. दुसऱ्या कुणाला कसं देऊ?”

मी दार लावून घेतलं. पंचवीस वर्षं जिच्यावर जळत होतो, ती बंगळूरला राहते. जळायचं, आणि चार दिवसांनी विसरून कामाला लागायचं, असं जमत होतं. आता माझ्याच गादीवर माझी बायको बसलीय, माझ्या पोटात कालपासून नुसतं दुखतंय, आणि सबंध घरात माझ्या नावानं तांब्याभर पाणी ओतलेलं आहे ते तेवढं तिनंच. ते पाणी मी डोक्यावर घेतलं. गार होतं.